आजीला घड्याळ काढता आलं नाही

दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा या बंगल्यात उतरले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून खानदेशभरातून माणसं येतात. पिंपळनेरहून आमच्याही गाड्या जातात. दोन वर्षांपूर्वी परत निघताना आमच्या जीपमध्ये एक जागा रिकामी राहिली. दरवर्षी येणारी, पंचाहत्तरी ओलांडलेली एक आजी दिसेना. तासाभराने ती सापडली. दुसऱ्याच तालुक्यातल्या लोकांच्या गाडीत खिडकीशी शांत बसली होती. आपण कोणाबरोबर आलो, गाडी कुठे उभी आहे, हे तिला सांगता येईना. बाबासाहेब राहिले तो बंगला मात्र त्या गाडीतल्या पोरांना ती बोट करून दाखवत होती.

गाडीत सगळे हसले. आम्हीही हसलो, हे इथे कबूल केलं पाहिजे. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं वॉर्डात रुग्णांच्या उशाशी काढली, त्यांना तरी हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे कळायला हवं होतं.

मग वर्षावासात लक्ष जाऊ लागलं. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन असतं. वाचणारी पोरं, ऐकणाऱ्या बाया. सुरुवातीचं त्रिशरण-पंचशील ही आजी सांगायची, आम्ही मागून म्हणायचो. कितीतरी वर्षांचा रिवाज. त्या वर्षी ती तिसऱ्या शीलाशी अडली, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडली. सून म्हणाली, भाजीत मीठ दोनदा पडतं, श्रावणबाळ योजनेचे पंधराशे रुपये काढून आणते आणि कुठे ठेवले ते विसरते, मग घरात चोरीचा संशय. पण बाकी सगळं जागेवर. कांदा निवडायला सगळ्यांच्या आधी हजर. सामोड्यापासून कुडाशीपर्यंत कोणाची लेक कोणाच्या घरात दिली, हे चार पिढ्यांचं तोंडपाठ.

वय झाल्यावर थोडा विसर पडतो तो वेगळा. ज्यात माणूस स्वतःचं घर, स्वतःची लेकरं विसरतो, तो डिमेन्शिया वेगळा. या दोन्हींच्या मधे एक पायरी आहे. तिला वैद्यकात माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, थोडक्यात एमसीआय म्हणतात. आपण सौम्य स्मृतिदोष म्हणू, जरी यात कधी कधी स्मृतीपेक्षा शब्द शोधणं, हिशेब करणं, वाट ओळखणं आधी बिघडतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या अवस्थेची जी ओळख मांडली, ती पुढे जगभर वापरात आली. दवाखान्यात येणाऱ्या अशा शंभर रुग्णांपैकी वर्षाला साधारण दहा-पंधरा जण डिमेन्शियाकडे सरकतात. बरेच जण आहेत तिथेच राहतात, आणि काही जण पुन्हा ठीक होतात. म्हणून ही पायरी वेळेवर ओळखणं महत्त्वाचं. पण ओळखायची कशी, आणि कोणाच्या मापाने?

आम्ही आजीला एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले होते, बाहेर रांग मोठी होती. त्यांनी आजीपुढे कागद-पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आजीने पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरली. मग शंभरातून सात, परत सात, परत सात वजा करायला सांगितलं. मग पाच शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता आणि आजीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे पाचपैकी किती शब्द तिच्यापर्यंत पोचले हे कोणालाच माहीत नाही. घड्याळाच्या जागी तिने एक वेडावाकडा गोल काढला आणि हसून म्हणाली, "सूर्य दखीसन माले टाईम समजस, बाई." केसपेपरवर गुण लिहिले गेले, त्यापुढे एक इंग्रजी शब्द लिहिला गेला, आणि आजीच्या हातात डिमेन्शियाची गोळी आली.

त्या डॉक्टरांवर आमचा राग नाही. राग त्या मापावर आहे. आजी जन्मली त्या काळात, १९५१ च्या जनगणनेत, या देशात शंभरातल्या अठराच माणसांना लिहिता-वाचता येत होतं, आणि बायकांमध्ये तर शंभरात नऊही नव्हत्या. त्या नऊत वस्तीतल्या बाया किती असतील, ते वाचकांनीच ठरवावं. आजीच्या थोरल्या भावाला वर्गाबाहेर बसवायचे, म्हणून त्याने शाळा सोडली. आजीला तर घातलंच नाही. जिच्या हाती पेन्सिल येऊच दिली नाही, तिला पंचाहत्तराव्या वर्षी पेन्सिल देऊन तिच्या मेंदूची परीक्षा घ्यायची, आणि ती नापास झाली की दोष मेंदूत आहे असं लिहायचं!

याची दुसरी बाजूही आम्ही बघितली आहे. आमच्याच ओळखीचे एक निवृत्त गुरुजी. त्याच प्रकारच्या चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस. घड्याळ तर असं काढलं की भिंतीवर लावावं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयोमान. पण त्यांच्या पत्नी सांगत होत्या की हे साक्रीला जायला निघतात आणि स्टँडवरून परत येतात, कशासाठी निघालो होतो ते आठवत नाही. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या माणसाचा हात आणि जीभ परीक्षेच्या वेळी मेंदूची कमी झाकून नेतात. म्हणजे मोजपट्टी दोन्हीकडे चुकते. न शिकलेल्याला आजारी ठरवते, शिकलेल्याचा आजार लपवते.

अभ्यासकांना हे माहीत नाही असं नाही. जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी फोल्स्टाइन यांनी १९७५ साली अमेरिकेत तयार केली. तिच्यात वाक्य लिहायचं असतं, आकृती बघून काढायची असते. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये काम करणाऱ्या गटाने १९९५ साली तिची हिंदी आवृत्ती केली. 'डोळे मिटा' हे लिहिलेलं वाचून कृती करण्याऐवजी त्यात समोरचा माणूस डोळे मिटतो आणि आजीने तसंच करायचं. एवढा साधा बदल, पण तो सुचायला खेड्यात जाऊन बसावं लागलं. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून जास्त लोकांची देशव्यापी पाहणी केली. तिच्यातूनच पुढे डिमेन्शियाचा वेगळा अभ्यास निघाला. त्यात ६० वर्षांवरच्या ४,०९६ जणांना तपासलं, निरक्षरांसाठी वेगळी काळजी घेतली, घरच्यांना विचारलं. २०२३ साली त्यातून आकडा आला की साठीच्या पुढच्या शंभर भारतीयांत सात जणांहून थोड्या जास्तांना डिमेन्शिया असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. हा आजार म्हणजे बंगल्यातल्या म्हाताऱ्यांची चैन आहे असं आपल्यात अजून काही जण समजतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे येऊ. तोंडी आणि लेखी परीक्षा बाजूला ठेवून मेंदूला थेट ऐकता येईल का, यावर गेली काही वर्षं जगभर काम चालू आहे. त्याला मेंदूच्या जाळ्याचं विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, पण पिंपळनेरच्या माणसाला ते समजायला एसटी स्टँडवर उभं राहिलं तरी पुरे.

कुडाशीच्या माणसाला ताहाराबादला जायचं आहे. तो आधी पिंपळनेरला येतो, इथून शेलबारी घाटाची गाडी धरतो. वार्साकडच्या माणसाला साक्रीला जायचं तरी पिंपळनेर, चरणमाळ घाट उतरून नवापूरला जायचं तरी पिंपळनेर. गावं म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेघा. बहुतेक ठिपक्यांना दोन-तीनच रेघा असतात, काही थोड्या ठिपक्यांना खूप. पावसात वार्साचा रस्ता तुटला तर वार्साच अडकतं. पिंपळनेरचा स्टँड बंद पडला तर सगळा पश्चिम पट्टा अडकतो. चांगल्या जाळ्यात शेजारची गावं एकमेकांना जवळून जोडलेली असतात आणि लांबच्या गावालाही एक-दोन गाड्या बदलून पोचता येतं. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोघांनी १९९८ साली अशा जाळ्यांचं गणित मांडलं, आणि निरोगी मेंदूही असाच बांधलेला आहे असं पुढे अनेकांना आढळलं.

मेंदूतले रस्ते दिसतात कसे? एक साधन आपल्या ओळखीचं आहे, ईईजी. फिट येणाऱ्या रुग्णाला धुळ्याला पाठवतात, डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढतात, तेच. आजीबाईंना वाटतं शॉक देतील. नाही. त्या वायरींमधून डोक्यात काहीही जात नाही, मेंदूत आपोआप चालणाऱ्या विजेच्या बारीक लहरी फक्त ऐकल्या जातात. आदल्या दिवशी डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही, एवढंच पथ्य. नेहमीच्या पद्धतीत डोक्यावर १९ ठिकाणी ऐकतात. १९ ठिकाणांच्या जोड्या लावल्या तर १७१ होतात. प्रत्येक जोडीसाठी संगणक विचारतो, या दोन जागांच्या लहरी किती ताळमेळाने चालतात? ताळमेळ जास्त असेल तर मधे रेघ ओढायची. असं करत आजीच्या मेंदूचा एसटी नकाशा तयार होतो. दुसरं साधन एमआरआयचं, त्यात मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्त कधी वाढतं यावरून तशाच रेघा ओढतात. दोन्हींत आजीने फक्त डोळे मिटून शांत पडायचं किंवा बसायचं. अक्षर नको, पेन्सिल नको, वजाबाकी नको. विहारात ध्यानाला बसणाऱ्या बाईला यात नवं काहीच नाही.

या नकाशात काय दिसलं? २००७ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस स्टॅम यांच्या गटाने ईईजीवरून दाखवलं की अल्झायमरच्या रुग्णांच्या जाळ्यात एका जागेहून दुसऱ्या जागी जायला जास्त गाड्या बदलाव्या लागतात, वाटा लांबतात. एमआरआयच्या अभ्यासांत दिसलं की मेंदूच्या मागच्या-मधल्या भागातले मोठे स्टँड, ज्यांच्यावर सगळ्यात जास्त वर्दळ असते, तेच या आजारात लवकर मोडतात. सौम्य स्मृतिदोषात चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. काही अभ्यासांत रेघा कमी झालेल्या दिसतात, काहींत उलट वाढलेल्या. वाढलेल्या का? एक अंदाज असा की पूल वाहून गेल्यावर वळणाच्या रस्त्यावर गर्दी होते, तसा मेंदू काही काळ दुसऱ्या वाटांनी काम निभावून नेतो. आमची आजी तिसऱ्या शीलाशी अडल्यावर पहिल्यापासून सुरुवात करायची, त्याची आठवण आम्हाला हे वाचताना झाली. तीही वळणाची वाटच शोधत असेल.

पण कोणी दुकान उघडून "मेंदूचं नेटवर्क तपासून देतो, इतके हजार" म्हणालं तर एक रुपया देऊ नका. यातले बरेच अभ्यास थोड्या माणसांवर झालेले आहेत. किती ताळमेळ असला की रेघ ओढायची, हे प्रत्येक गट आपापल्या पद्धतीने ठरवतो आणि त्यावर निकाल बदलतो. शंभर रुग्णांची सरासरी आणि शंभर निरोग्यांची सरासरी यांत फरक दाखवता येतो. समोर बसलेली एक आजी कोणत्या बाजूची, हे या नकाशावरून खात्रीने सांगता येत नाही. रोजच्या निदानासाठी ही तपासणी अजून तयार नाही.

मग आपल्या पानावर हा विषय कशाला? आमच्याच एका कार्यकर्त्याने बैठकीत हा प्रश्न विचारला, थोडा चिडूनच. बीपीची गोळी महिनाभर मिळत नाही आणि तुम्ही मेंदूच्या जाळ्याचं बोलता. प्रश्न रास्त आहे. पण लेखी परीक्षेची मोजपट्टी तयार झाली तेव्हा आपण तिथे नव्हतो, त्याचे भोग आजीच्या केसपेपरवर आहेत. ही नवी मोजपट्टी आज तयार होते आहे. ती तयार होताना निरोगी मेंदू म्हणून कोणाचा मेंदू ठेवला जाईल, हे विचारायची वेळ आत्ताची आहे, नंतरची नाही.

अक्षर नको म्हणून ही तपासणी आपोआप समान होईल, असं आधी आम्हालाही वाटलं होतं. मग २०१७ सालचा एक अभ्यास समजला. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवलं. आधी आणि नंतर, नुसतं शांत पडलेलं असताना, त्यांच्या मेंदूचं एमआरआय केलं. सहा महिन्यांत मेंदूच्या आतल्या खोल भागांचा आणि पाहण्याच्या भागाचा ताळमेळ बदलला होता. माणसं तीसएकच होती, पण अर्थ मोठा आहे. अक्षरओळख मेंदूचे रस्तेच बदलते, विश्रांतीतसुद्धा. म्हणजे आयुष्यभर न वाचलेल्या आजीचं निरोगी जाळंही पदवीधर माणसाच्या निरोगी जाळ्यासारखं दिसेलच असं नाही. युरोप-अमेरिकेतल्या किंवा आपल्याच महानगरांतल्या शिकलेल्या निरोग्यांचा नकाशा प्रमाण धरला, तर आजी याही परीक्षेत नापास होऊ शकते. आणि यावेळी तिला "माले लिहिता येत नही" असं सांगायचीही सोय नसेल, कारण निकाल यंत्राने दिलेला असेल. यंत्राशी कोण भांडतं?

असं होऊ शकतं हे आम्ही कोविडमध्ये बघितलं आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं. २०२० मध्ये अमेरिकेतून अहवाल आला की रक्तात ऑक्सिजन कमी असूनही यंत्र ठीक दाखवतं, आणि ही चूक काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा होते. यंत्राला जात-वर्ण कळत नाही, पण ते ज्यांच्यावर पारखून घेतलं त्यांचा वर्ण त्याच्या आकड्यात उतरतो.

एक गोष्ट जाता जाता. माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या त्या जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. शोध थोर, त्यात वाद नाही. पण हेच बर्गर पुढे नाझी राजवटीत, कोणाला मूल होऊ द्यायचं नाही हे ठरवणाऱ्या न्यायालयाच्या कामात बसत होते. मेंदू मोजणाऱ्याच्या हातात 'कमी प्रतीचा माणूस' ठरवायचा अधिकारही देऊ नये, हे आपल्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. या संशोधनाला विरोध करायचा नाही, त्यात शिरायचं. मेंदूच्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही संस्थेने निरोगी म्हणून जी माणसं निवडली त्यांत निरक्षर किती, खेड्यातली किती, मजुरी करणाऱ्या बाया किती, अनुसूचित जाती-जमातींची किती, हे छापून सांगावं. आपल्या तालुक्यात पथक आलं तर संमतीचा कागद इंग्रजीत पुढे सरकवून अंगठा घ्यायचा नाही; अहिराणीत, कोकणीत, भिलीत समजावून सांगायचं, आणि आजीने नाही म्हटलं तर तेही ऐकायचं. रेकॉर्डिंगचं काय होणार, कोण ठेवणार, निकाल घरी कोण आणून देणार, हे आधी विचारायचं. पथक येऊन रक्त, लहरी, फोटो घेऊन गेलं आणि परत तोंड दाखवलं नाही, असं आपल्या भागाने कमी अनुभवलेलं नाही. आणि आपल्या शिकल्यासवरल्या पोरांना आमची विनंती आहे. इंजिनियर होताय, संगणकात डेटाची कामं करताय, तर या विषयातही कोणीतरी जा. रेघ कुठे ओढायची हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपलं एक माणूस असू दे.

इकडे गावात जे करायचं ते कोणत्याही यंत्राची वाट बघत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या चौदा गोष्टी सांगितल्या, आणि त्या सगळ्या आवरता आल्या तर जगातले जवळपास निम्मे, नेमके सांगायचे तर ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा हिशेब मांडला. त्यात बालपणी शिक्षण कमी मिळणं आहे. म्हणजे ज्यांनी शाळेचं दार बंद केलं त्यांनी म्हातारपणीच्या स्मृतीवरही घाव घातला, हे आता आकड्यात आलं. ते आजीपुरतं बदलता येत नाही. पण त्याच यादीत कमी ऐकू येणं आहे, बीपी आहे, साखर आहे, दारू-तंबाखू आहे, डोळ्याचा न काढलेला मोतीबिंदू आहे, उदासी आहे, आणि एकटेपण आहे. यातलं बहुतेक ग्रामीण रुग्णालयात, कॅम्पात किंवा विहाराच्या ओट्यावर हाताळता येतं.

आणि विसरणं दिसलं की आधी साधी कारणं शोधा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं, झोपेची किंवा सर्दीची गोळी रोज चालू असणं, नवरा किंवा लेक गेल्याचं न बोललेलं दुःख. यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि उपचाराने सुधारतो. घरच्यांना एकच प्रश्न विचारा, वर्षभरापूर्वी जमायचं ते आता जमत नाही असं काय आहे? कोणत्याही घड्याळाच्या चित्रापेक्षा याचं उत्तर जास्त सांगून जातं.

याला आणखी एक भीतीची बाजू आहे, ती लिहिताना हात जड होतो. आपल्या पश्चिम पट्ट्यात आणि वर सातपुड्यात, रात्री उठून फिरणारी, तोंडातल्या तोंडात बोलणारी, दुसऱ्याच्या दारात जाऊन बसणारी एकटी म्हातारी अजूनही डाकीण ठरवली जाते. भगताकडे नेतात, मारतात, वस्तीतून काढतात. त्यातल्या कितीजणी फक्त आजारी असतील! २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पोलीस येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. आशाताईंच्या वहीत अशा आजीचं नाव आधी आलं पाहिजे, भगताच्या कानावर जाण्याआधी.

आमच्या आजीचं पुढे काय झालं, असं वाचक विचारतील. धुळ्याला रक्त तपासलं तर बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं झाली. कानाचं यंत्र मिळवायला सहा महिने लागले. ते घातल्यावर पहिल्या दिवशी ती म्हणाली की चिमण्या फार गोंगाट करतात. सगळं पूर्ववत झालं असं नाही. पैसे अजून हरवतात, म्हणून आता पासबुक आणि पैसे सुनेसमोर एकाच डब्यात ठेवायचं ठरलं आहे, आणि घरातली चोरीची भांडणं थांबली आहेत. डिमेन्शियाची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. या वर्षावासात त्रिशरण-पंचशील तीच सांगते. शेजारी नववीतली एक मुलगी बसते, आजी अडली तर फक्त पहिला शब्द हळूच उच्चारते, पुढचं आजीला सापडतं. लळिंगला जाताना आता तिच्या पदराला गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पिनने लावतो. ती वाचता येत नाही म्हणून ती कुरकुरते, आणि आम्ही सांगतो की ती तुझ्यासाठी नाही, शोधणाऱ्यासाठी आहे.

त्या मोठ्या दवाखान्यातल्या केसपेपरवर मात्र अजून तोच शब्द आहे. आम्ही लेखी अर्ज दिला आहे की रुग्ण निरक्षर आहे आणि चाचणीच्या वेळी तिला नीट ऐकू येत नव्हतं, अशी नोंद त्याखाली घ्यावी. पोच मिळाली आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत, आजीला घेऊनच.